रंग सातव्या टप्प्यावर: वितरणाचा नकाशा कोणत्या क्रमाने करावा

विद्यार्थ्यांचे थिमॅटिक नकाशे (एखाद्या विषयाचं वितरण दाखवणारे नकाशे) तपासताना एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आकडेवारी सॉफ्टवेअरमध्ये आणायची, 'ग्रॅज्युएटेड' या आकड्यांचे वर्ग पाडणाऱ्या पर्यायावर क्लिक करायचं, आपोआप पाच वर्ग पडले की रंगांची यादी उघडायची आणि पुढचे दोन तास हिरवा की जांभळा यात घालवायचे. नकाशा देखणा होतो. पण त्यातून काय कळतं असं विचारलं, तर करणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

नकाशा नजरेला पटकन कळेल की नाही, हे बरंचसं रंगांच्या आधीच ठरलेलं असतं: आकडे कोणते घेतले, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याची पद्धत) कोणतं, वर्ग कुठे तोडले यावर. म्हणून पुढच्या क्रमात रंग सातवा आहे. त्याला वर सरकवू नका.

## १. आधी एक वाक्य लिहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: नकाशा पाहून वाचकाने काय म्हणावं? 'पावसाचं वितरण' हा विषय झाला. 'किनाऱ्यापासून आत जावं तसा पाऊस घटत जातो' हे वाक्य झालं. वाक्य असलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. घट दाखवायची असेल तर सलग बदलणारी पद्धत लागेल. दोनच प्रदेश बाकीच्यांहून वेगळे आहेत असं म्हणायचं असेल तर वर्ग तसे तोडावे लागतील.

वाक्याखाली दोन गोष्टी नोंदवा: नकाशा कुठे दिसणार (कागद, मोबाइल, प्रोजेक्टर) आणि किती मिलिमीटर किंवा पिक्सेल रुंदीचा असणार. प्रोजेक्टरवर फिकट छटा धुऊन निघतात, मोबाइलवर दोनशे लहान प्रदेश म्हणजे नुसती वाळू दिसते. आकार आधी माहीत नसेल तर अक्षरं आणि रेषा दोन्ही चुकतात.

तपासा: वाक्यात क्रियापद आहे का? नसेल तर अजून विषयावरच अडलेले आहात.

## २. आकडेवारी आणि सीमा नीट जोडा

तक्त्यातले आकडे आणि सीमांची फाइल नेहमी सांकेतिक क्रमांकावर जोडा, नावावर कधीही नाही. नावांत जास्तीची मोकळी जागा, वेगळं स्पेलिंग, जुनं-नवं नाव अशा भानगडी असतात. क्रमांकालाही एक खोड आहे: स्प्रेडशीट त्याला संख्या समजतं आणि सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. '०४५'चा '४५' झाला की जोडणी तुटते, आणि बहुतेक वेळा सॉफ्टवेअर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो रकाना आयात करतानाच 'मजकूर' म्हणून ठरवून द्या.

रिकामा रकाना आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः एकदा रिकाम्या रकान्यांत सरसकट शून्य भरून नकाशा केला होता. माहितीच गोळा न झालेले प्रदेश त्यात सर्वांत कमी आजार असलेले म्हणून झळकले. चूक सापडली ती नकाशा वाटून झाल्यावर.

तपासा: सीमांच्या फाइलमधले प्रदेश किती, जोडणीनंतर आकडा मिळालेले किती, रिकामे राहिलेले किती? तिन्ही संख्या लिहून ठेवा. हिशोब जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. एकूण संख्येचं प्रमाण काढा

सर्वांत जास्त नकाशे इथेच फसतात. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे प्रदेश छटांनी भरण्याच्या पद्धतीत, एकूण संख्या घालायची नसते.

एका प्रदेशात १० लाख लोक आणि ५०० रुग्ण आहेत, दुसऱ्यात १ लाख लोक आणि २०० रुग्ण. एकूण संख्या रंगवली तर पहिला गडद दिसेल. पण लाखामागे रुग्ण पहिल्यात ५० आणि दुसऱ्यात २०० आहेत. एकूण संख्येचा नकाशा बहुधा लोकसंख्येचाच नकाशा असतो, शीर्षक काहीही असो. दर हजारी, दर चौरस किलोमीटर, टक्के, यांपैकी काय घ्यायचं ते पहिल्या टप्प्यातल्या वाक्यावरून ठरवा. भागाकारासाठी योग्य छेद निवडणं महत्त्वाचं आहे: शाळा सोडणाऱ्या मुलांना एकूण लोकसंख्येने भागलं तर वृद्धांची संख्या जास्त असलेला प्रदेश विनाकारण चांगला दिसतो.

सावध: छेद फार लहान असला की प्रमाण बेफाम उड्या मारतं. ४०० वस्तीच्या प्रदेशात २ घटना घडल्या तरी लाखामागे ५०० होतात. असा एक गडद ठिपका सगळी नजर ओढून घेतो. शेजारचे लहान प्रदेश एकत्र करा, अनेक वर्षांची सरासरी घ्या किंवा तो प्रदेश वेगळ्या खुणेने दाखवून सूचीत (खुणा आणि छटांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत) कारण द्या.

## ४. समक्षेत्र प्रक्षेपण घ्या

छटेने भरलेलं क्षेत्र म्हणजे शाई. जितकं क्षेत्र मोठं तितका तो रंग डोळ्यांत जास्त भरतो. क्षेत्रच खोटं असेल तर बाकी मेहनत वाया. समक्षेत्र प्रक्षेपण क्षेत्रांचं आपसांतलं प्रमाण खरं राखतं.

वेबवरचे बहुतेक तयार पार्श्वनकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या प्रकारात येतात, आणि ते आधी जोडले की सॉफ्टवेअर बहुधा आपला प्रकल्पही त्याच प्रक्षेपणात नेऊन ठेवतं. मर्केटरवर ६० अंश अक्षवृत्तापाशी लांबी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्र चौपट. आफ्रिका प्रत्यक्षात ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. मर्केटरवर दोन्ही जवळपास सारखे वाटतात. जगाच्या नकाशासाठी मोलवाइडे किंवा २०१८ साली आलेलं इक्वल अर्थ घ्या. मध्य अक्षवृत्तांतल्या, पूर्व-पश्चिम पसरलेल्या देशासाठी आल्बर्सचं समक्षेत्र शंकू प्रक्षेपण चांगलं बसतं, खंडासाठी लँबर्टचं समक्षेत्र खमध्य. शहराएवढ्या लहान भागात फरक नगण्य असतो, तिथे वेळ घालवू नका.

## ५. पद्धत निवडा

क्षेत्रघनी पद्धत फक्त प्रमाणासाठी, तीही प्रदेशांचे आकार फार विषम नसतील तर. एखादा विरळ वस्तीचा प्रदेश पानाचा एक तृतीयांश भाग व्यापत असेल, तर त्याला कोणतीही छटा द्या, नजर तिथेच जाणार. अशा वेळी वर्तुळांकडे वळा.

एकूण संख्या दाखवायचीच असेल तर प्रमाणबद्ध वर्तुळं वापरा. यातली ठरलेली चूक म्हणजे त्रिज्या मूल्याच्या प्रमाणात वाढवणं. १०० साठी ५ मिलिमीटर त्रिज्या घेतली, तर ४०० साठी १० घ्यायची. कोणी २० घेतली तर क्षेत्र १६ पट होतं आणि नकाशा चौपट फरकाचा सोळापट करून सांगतो. म्हणून वर्गमूळ घ्या. वाचक मोठी वर्तुळं असतात त्याहून लहान समजतात, हे नकाशाशास्त्रज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी प्रयोगांतून दाखवलं. त्यांच्या दुरुस्तीत मूल्याचा घात ०.५ ऐवजी ०.५७ घेतात, म्हणजे वरच्या उदाहरणात त्रिज्या साधारण ११ मिलिमीटर होते. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय 'फ्लॅनरी' याच नावाने आहे. वापरलात तर सूचीतली वर्तुळंही त्याच सूत्राने काढा. लहान वर्तुळं मोठ्यांच्या वर यायला हवीत, तेव्हा काढण्याचा क्रम मूल्यानुसार उतरता ठेवा.

टिंब पद्धतीत, म्हणजे ठरावीक संख्येमागे एक टिंब टाकण्याच्या पद्धतीत, सगळं टिंबाच्या मूल्यावर अवलंबून असतं. एकूण ४,८०,००० असतील तर १०० ला एक टिंब धरल्यास ४,८०० टिंबं होतील, १,००० ला एक धरल्यास ४८०. विरळ प्रदेशात निदान दोन-तीन टिंबं पडावीत आणि दाट प्रदेशात ती एकमेकांना जेमतेम चिकटू लागावीत, असं मूल्य दोन-चार प्रयत्नांत सापडतं. सॉफ्टवेअर टिंबं प्रदेशात वाट्टेल तिथे टाकतं, तळ्यातही. पाणी, जंगल, ओसाड भाग आधी वगळा.

सममूल्य रेषा, म्हणजे सारखं मूल्य असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, फक्त तापमान, पाऊस, उंची अशा जमिनीवर सलग बदलणाऱ्या गोष्टींसाठी. प्रशासकीय सीमेपाशी तुटणाऱ्या आकड्यांवर त्या ओढू नका.

## ६. वर्ग तोडा

इथे थांबून खरा वेळ द्या. समजा १२ प्रदेशांची मूल्यं अशी आहेत:

१२, १४, १५, १७, १८, २१, २३, २६, ३१, ३८, ६४, ९२

यांचे चार वर्ग करायचे आहेत.

समान अंतर: १२ ते ९२ मध्ये ८० चं अंतर, प्रत्येक वर्ग २० चा. पहिल्या वर्गात ९ प्रदेश जातात, उरलेल्या तिन्हींत एकेक. नकाशा जवळजवळ एकाच छटेचा दिसेल.

समान संख्या: प्रत्येक वर्गात तीन प्रदेश. नकाशा छान 'भरलेला' दिसतो, म्हणूनच नवशिक्यांना ही पद्धत आवडते. पण ३८ आणि ९२ एकाच गडद छटेत जातात, तर १५ आणि १७ मात्र वेगळ्या छटांत. खरा फरक पुसला गेला आणि नसलेला फरक उमटला.

नैसर्गिक खंड, म्हणजे जवळजवळची मूल्यं एकत्र ठेवणारी जेंक्सची पद्धत: १२ ते २३ मध्ये ७ प्रदेश, २६ ते ३८ मध्ये ३, आणि ६४ व ९२ एकेकटे. गणिताच्या दृष्टीने नेटकं, पण खालच्या सात प्रदेशांतला फरक दिसेनासा होतो. शिवाय या सीमा त्याच आकड्यांपुरत्या असतात. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर जेंक्स वापरू नका, कारण दर वर्षी सीमा बदलतात आणि तुलना करता येत नाही.

हाताने: मी २०, ३० आणि ५० वर तोडेन. मग ५, ३, २, २ असे प्रदेश पडतात. सीमा गोल आहेत, लक्षात राहतात, आणि ३८ व ६४ मधली मोठी पोकळी वर्गाच्या सीमेवर येते. 'दोन प्रदेश बाकीच्यांहून फार पुढे आहेत' असं माझं वाक्य असेल, तर ते दोन सर्वांत गडद छटेत एकत्र दिसतात. ९२ हा ६४ पेक्षाही खूप वेगळा आहे असं वाक्य असतं, तर मी त्यांना वेगळं केलं असतं.

बरोबर उत्तर एकच नसतं, पण 'सॉफ्टवेअरने दिलं' हे उत्तर चालत नाही. वर्ग चार ते सहा ठेवा. सातव्या छटेपुढे वाचक नकाशावरची छटा सूचीतल्या छटेशी जुळवताना चाचपडू लागतो.

तपासा: वर्ग तोडण्याआधी आकड्यांचा हिस्टोग्राम (कोणत्या मूल्यांपाशी किती प्रदेश आहेत ते दाखवणारा स्तंभालेख) पाहिलात का? सीमा एक-दोन अंकांनी हलवून पाहा. तेवढ्यानेच चित्र उलटंपालटं होत असेल, तर तुमचं वाक्य आकड्यांपेक्षा जास्त बोलतं आहे.

## ७. आता रंग

फ्रेंच नकाशाकार जाक बेर्तँ यांनी १९६७ साली खुणांचे दृश्य गुणधर्म मांडले. त्यातलं कामाचं एवढंच: लहान-मोठेपणा आणि गडद-फिकटपणा यांत डोळ्यांना आपसूक क्रम दिसतो, रंगाच्या जातीत तो दिसत नाही. निळा हिरव्याहून जास्त की कमी, हे कोणालाही पाहून सांगता येणार नाही. फिकट निळा आणि गडद निळा मात्र लगेच कळतो. म्हणून कमी ते जास्त दाखवायचं असेल तर छटा फिकटापासून गडदापर्यंत न्या. इंद्रधनुषी पट्टी घेऊ नका. तिच्या मध्यावरचा पिवळा सर्वांत उजळ असल्याने मधलीच मूल्यं डोळ्यांत भरतात.

दोन टोकांची पट्टी, म्हणजे एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला नारिंगी, तेव्हाच घ्या जेव्हा मधल्या बिंदूला खरा अर्थ आहे: शून्य वाढ, सरासरी, निम्मी मतं. अर्थ नसताना ती वापरली की वाचक नसलेली विभागणी पाहतो. भूवापर किंवा भाषा यांसारख्या प्रकारांसाठी वेगवेगळ्या जातीचे रंग घ्या, पण साधारण सारख्याच गडदपणाचे. एक जरी जास्त गडद झाला तरी तोच महत्त्वाचा वाटतो.

रंग स्वतः जुळवत बसण्यापेक्षा सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअर या संकेतस्थळावरच्या तयार पट्ट्या घ्या. त्यात रंगांधांसाठी चालणाऱ्या पट्ट्या वेगळ्या निवडता येतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, म्हणजे पन्नास पुरुषांच्या वर्गात चारेक जणांना तुमची लाल-हिरवी पट्टी मातकट दिसेल.

सहज होणाऱ्या तीन चुका:

- पार्श्वनकाशा दिसावा म्हणून छटा अर्धपारदर्शक करणं. खालचा रंग मिसळतो आणि सूचीतली छटा नकाशावर कुठेच सापडत नाही. पार्श्वनकाशा काढून टाका, त्याची बहुधा गरज नसतेच.
- 'माहिती नाही'ला पांढरा रंग देणं. वाचक त्याला सर्वांत कमी समजतो. राखाडी किंवा तिरप्या रेषा द्या, पण मुख्य पट्टी राखाडी नसेल याची खात्री करा.
- काळ्या पार्श्वभूमीवर तीच पट्टी तशीच ठेवणं. तिथे उजळ छटा पुढे येते, तेव्हा पट्टी उलटी करावी लागते.

## ८. बाकीचं सगळं मागे ढकला

सीमारेषा काळ्या आणि जाड ठेवल्या, की जिथे लहान प्रदेशांची गर्दी आहे तिथे रेषांचीच शाई साचते आणि तो भाग आकड्यांशिवाय गडद दिसतो. ०.१ ते ०.२ मिलिमीटरची पांढरी किंवा फिकट राखाडी रेषा पुरते. अभ्यासक्षेत्राबाहेरचा भाग अगदी फिकट राखाडी करा, म्हणजे मुख्य प्रदेश आपोआप पुढे येतो. नद्या, रस्ते, रेल्वे यांतलं प्रत्येक काढून पाहा. काढल्याने पहिलं वाक्य कमकुवत होत नसेल तर ते परत आणू नका. नकाशाभोवतीची दुहेरी चौकट, सूचीला सावली, नक्षीदार दिशाबाण यांनाही हाच नियम.

## ९. नावं लिहा, पण देवनागरीची खोड ओळखून

रोमन लिपीतल्या नकाशांत मोठ्या प्रदेशाचं नाव अक्षरांत अंतर टाकून पसरवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इथे अक्षरांतलं अंतर शून्य ठेवा. प्रदेश मोठा असेल तर अक्षराचा आकार वाढवून रंग फिका करा. पाण्याची नावं तिरपी लिहायची रोमन रीतही उचलू नका: बहुतेक देवनागरी फाँट सॉफ्टवेअर नुसतेच कलवतं. निळा रंग पुरेसा आहे.

वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींच्या नावाला रोमनपेक्षा जास्त उंची लागते. छापील नकाशात मी ७ पॉइंटच्या खाली जात नाही, कारण त्याखाली जोडाक्षरं भरून काळी होतात. अक्षराभोवती पांढरी कड दिलीत तर ती बारीक ठेवा, जाड कड शेजारच्या छटा खाऊन टाकते. फाँट युनिकोडच हवा.

तपासा: 'क्ष', 'ज्ञ', 'त्र', 'र्‍य' आणि ऱ्हस्व वेलांटी असलेली नावं मोठी करून पाहा. वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडलेली किंवा जोडाक्षर फुटलेलं असेल, तर ते सॉफ्टवेअर देवनागरी नीट मांडत नाही. नावं दुसरीकडे लिहून आणा.

## १०. शीर्षक, सूची आणि बाकी सामान

शीर्षकात काय, कुठे आणि कधीचं हे तिन्ही हवं. सूचीच्या वर एकक लिहा: 'दर लाख लोकांमागे', 'टक्के'. '१०–२०, २०–३०' असं लिहिलं तर २० कुठे गेले ते कळत नाही. पूर्णांक असतील तर '१०–१९, २०–२९' लिहा. '४.५७३२–९.१४६४' अशी सूची म्हणजे सहावा टप्पा टाळल्याची कबुली.

दिशाबाण सवयीने लावू नका. शंकू प्रक्षेपणावरच्या मोठ्या प्रदेशात उत्तर दिशा जागोजागी बदलते, तिथे एकच बाण चूक ठरतो. '१:५०,०००' असं अंकी प्रमाण चित्र लहान-मोठं केलं की खोटं होतं; रेषाप्रमाण चित्रासोबत बदलतं, म्हणून तेच द्या. जगाच्या नकाशावर तेही देऊ नका.

## ११. दाखवण्याआधीच्या चाचण्या

- डोळे मिचकावून: नकाशा धूसर दिसेल इतके मिटा. सर्वांत आधी काय दिसतं? सूचीची चौकट किंवा दिशाबाण दिसत असेल तर आठव्या टप्प्याकडे परत.
- कृष्णधवल: छापून किंवा पडद्यावर रंग काढून पाहा. छटांचा क्रम टिकला पाहिजे. दोन टोकांच्या पट्टीत दोन्ही टोकं सारखीच गडद होणं साहजिक आहे. असा नकाशा कृष्णधवल छापायचा असेल तर पट्टीच बदला.
- खरा आकार: १०० टक्के आकारात छापा किंवा ज्या पडद्यावर जाणार त्याच पडद्यावर उघडा. मोठ्या मॉनिटरवर झूम करून दिलेला निकाल धरू नका.
- अनोळखी नजर: विषय माहीत नसलेल्या एखाद्याला पाच सेकंद नकाशा दाखवा, झाका आणि विचारा, "काय दिसलं?" "कसा वाटला?" असं विचारलंत तर "छान" एवढंच ऐकायला मिळेल. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या आणि पहिल्या टप्प्यातल्या वाक्याशेजारी ठेवा.

दोन वाक्यं जुळली नाहीत तर रंगांना हात लावू नका. आधी सहावा टप्पा तपासा, मग तिसरा. माझ्या अनुभवात दोष बहुधा या दोघांतच निघतो.

जुळली की छपाईसाठी पीडीएफ काढा, वेबसाठी पीएनजी. जेपीईजीत सपाट छटांच्या कडांना धुरकट डाग पडतात आणि नाव लिहिलेला प्रत्येक भाग मळल्यासारखा दिसतो.